हलका बेस ॲम्प: कुठला घ्यावा आणि स्टेजवर कसा लावावा?

चारतारी

नमस्कार मंडळी. मी कुडाळचा. आमचा सात जणांचा वाद्यवृंद आहे: दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि बेस गिटारवर मी. दिवाळीनंतर जत्रा लागल्या की आमचा हंगाम सुरू होतो. मग लग्नं, हळदी, सत्यनारायणाच्या पूजा, असं मेअखेरपर्यंत चालतं. पावसात चार महिने सगळं बंद.

गेली नऊ वर्षं माझ्याकडे १५ इंची स्पीकरचा एक जुना कॉम्बो आहे, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. आवाजाबद्दल तक्रार नाही, पण वजन ३४ किलो. आपल्याकडे देवळं आणि घरं रस्त्याला लागून कुठे असतात? गाडी वर थांबते आणि खाली पाखाडीच्या साठ-सत्तर पायऱ्या. जांभ्याच्या, झिजलेल्या, कुठे कुठे शेवाळलेल्या. जाताना चार हात मदतीला येतात. कार्यक्रम आटोपल्यावर मात्र माणसं जेवायला पांगतात आणि तोच डबा वर चढवायचा असतो. मागच्या हंगामात कमरेत अशी चमक भरली की तीन आठवडे आडवा होतो. डॉक्टरांनी १५ किलोच्या वर काही उचलायचं नाही असं बजावलं आहे.

मला हवंय असं: पाठीवर बेस, एका हातात ॲम्प आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरून पाखाडी उतरता यावी. पण ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी उभं राहून माझा स्वर मला ऐकू आला पाहिजे. कॉम्बो घेऊ की हेड (नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) वेगळं? किती वॉट? आणि हलक्या ॲम्पमध्ये आवाजाचा भरणा खरंच येतो का? बाजारात विचारलं तर प्रत्येक जण फक्त वॉटचा आकडा सांगतो.

सोल्डर

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून आधी वजन येतं कुठून ते सांगतो. ते कळलं की निवड सोपी होते.

तुमच्या ३४ किलोत तीन वाटेकरी आहेत. पहिला ट्रान्सफॉर्मर. जुन्या ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर थेट चालतो, आणि वारंवारता जितकी कमी तितकं लोखंड जास्त लागतं. नव्या ॲम्पमधला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं सर्किट) हीच वीज आधी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्या वेगाला मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शिवाय क्लास डी सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. मधल्या अवस्थेत जी वीज उष्णता होऊन वाया जायची ती वाचते, म्हणून ॲल्युमिनियमच्या त्या जड पट्ट्याही लागत नाहीत. १९६९ साली अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस ॲम्प आला तेव्हा ३०० वॉटसाठी व्हॉल्व्हचं हेड होतं आणि ते उचलायला दोघं लागायचे. आज गॅलियन-क्रूगरचं एमबी२०० हे २०० वॉटचं हेड एक किलोच्या आत आहे. बेसच्या पिशवीच्या खिशात जातं.

दुसरा वाटेकरी स्पीकरचं चुंबक. साधं फेराइट चुंबक जड असतं. निओडिमियमचं तेवढ्याच ताकदीचं चुंबक त्याच्या कितीतरी कमी वजनात होतं. तिसरं लाकूड. एमडीएफ किंवा भुशाच्या फळीचं खोकं असेल तर ते जड असतं आणि ओल धरून फुगतंही. कोकणात प्लायवूडशिवाय घेऊ नका.

म्हणजे नुसतं "क्लास डी" वाचून घेतलेला कॉम्बो आतून फेराइट आणि एमडीएफचा निघाला, तर वजन उतरलेलं नसतं. दुकानात पत्रकावरचं वजन बघा आणि शक्य झालं तर स्वतः उचलून चार पायऱ्या चढून बघा.

घाटमाथा

कोल्हापुरातून लिहितोय. माझा अनुभव वेगळा आहे. क्लास डीचे वॉट कागदावरचे असतात. माझ्या जुन्या ३०० वॉटच्या ॲम्पची छाती नव्या ५०० वॉटच्या हेडला नाही. तुमच्याकडे मोकळ्या मैदानात कार्यक्रम होतात, तेव्हा ८०० वॉटच्या खाली जाऊ नका. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं.

सोल्डर

घाटमाथा, तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे, फक्त कारण दुसरीकडे आहे असं मला वाटतं.

वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. ४०० चे ८०० केले तर फरक कळतो, पण "दुप्पट मोठा" वाटत नाही. आता स्पीकर बघा. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता पत्रकावर लिहिलेली असते: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. ९४ चं कॅबिनेट सोडून ९७ चं घेतलं तर तेच ३ डेसिबल तुम्हाला एक वॉटही न वाढवता मिळतात. जुन्या ॲम्पबरोबर बहुतेक मोठी खोकी असायची, नव्या हेडबरोबर लोक लहान खोकं घेतात आणि दोष हेडला देतात.

इथे एक जुना नियम आहे, निसर्गाचाच म्हणा. खोकं लहान, खर्ज खोल आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हीपैकी दोनच एका वेळी मिळतात. लहान खोकं तुम्हाला हवंच आहे. मग अगदी तळाचा खर्ज सोडायची तयारी ठेवा, म्हणजे आवाज मिळेल. जो विक्रेता तिन्ही देतो म्हणतो त्याच्याकडून तळाची तार जोरात वाजवून घ्या.

ओहमचंही, म्हणजे स्पीकर विजेला जो अडथळा करतो त्याचंही, सांगून टाकतो. हेडवरचा मोठा आकडा बहुधा ४ ओहमचा असतो. एमबी२०० चे २०० वॉट ४ ओहमला, ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर १४० च. फेंडर रंबल ५०० या कॉम्बोचंही तसंच: आतल्या स्पीकरवर ३५० वॉट, बाहेर दुसरं ८ ओहमचं कॅबिनेट जोडलं की ५००. पण घाबरू नका, १४० आणि २०० मध्ये दीड डेसिबलचाच फरक आहे. दुसरं कॅबिनेट जोडल्यावर जो खरा फायदा होतो तो हवा ढकलणारा कागद दुप्पट होतो म्हणून. ८ ओहमची दोन जोडली की ४ होतात. त्याखाली जायचं तर हेडच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं हवं.

मंद्रसप्तक

मी रत्नागिरीची, बारा वर्षं बेस वाजवते. चारतारी दादा, वॉटच्या आधी एक प्रश्न: तुमचा ॲम्प ऐकणार कोण?

आपल्याकडे बहुतेक कार्यक्रमांना साउंडवाल्याचे दोन-चार मोठे खर्जाचे डबे असतातच. प्रेक्षकांना तुमचा बेस तिथून जातो. ॲम्प लागतो तो तुम्हाला, ऑक्टोपॅडवाल्याला आणि गायकाला स्वर पकडायला. एवढ्या कामाला चांगलं १२ इंची एक कॅबिनेट आणि २०० ते ३०० वॉट पुरतात. हा माझा हिशोब १२ वर्षांच्या जत्रांवरचा आहे. ज्या दिवशी साउंड नसतो, म्हणजे घरगुती पूजा किंवा अंगणातली हळद, त्या दिवशी गर्दीही शंभराच्या आतबाहेर असते. तिथेही हे पुरतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये नुसत्या ॲम्पवर दोनशे माणसांसाठी वाजवायचं असेल तरच दुसरं कॅबिनेट हवं, आणि ते त्या दिवशी गाडीतून न्यायचं.

म्हणून मी हेड वेगळं आणि ८ ओहमचं १२ इंची कॅबिनेट वेगळं, या बाजूची. कॅबिनेट अकरा-बारा किलोत मिळतं. उद्या हेड बिघडलं तर ते एकटं दुरुस्तीला जातं. बजेट कमी असेल तर रंबल १०० सारखा कॉम्बो वाईट नाही. १०० वॉट, १२ इंची आणि वजन साधारण १० किलो. तो मी सराव आणि लहान घरगुती कार्यक्रमांना वापरते. ढोलकी रंगात आली की मात्र त्याची दमछाक होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लावायचा कसा. यावर मला जास्त बोलायचंय, कारण चांगला ॲम्प वाईट लावलेला मी फार वेळा ऐकलाय.

घरी एकट्यानं बसून लावलेला आवाज स्टेजवर कधीच टिकत नाही. घरी आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मधला भाग खाली ओढतो. एकट्याला फार गोड वाटतं. स्टेजवर खालचा भाग ऑक्टोपॅडचा किक आणि ढोलकीची धूम खाऊन टाकतात, वरचा भाग झांज आणि कीबोर्ड. तुमच्या वाट्याला मधला भाग उरतो, आणि तोच तुम्ही घरून कापून आणलेला असतो! मग आवाज वाढवत राहायचं आणि तरी ऐकू यायचं नाही.

मी असं करते. सगळी बटणं मध्यावर. बेस गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण. सर्वात जोरात जेवढं वाजवणार तेवढं वाजवून गेन (ॲम्पमध्ये शिरणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवायचा. लाल दिवा लुकलुकला की थोडा मागे. मग मास्टर, म्हणजे बाहेर पडणारा एकूण आवाज. आता एकटीनं वाजवून काही ठरवायचं नाही. सगळ्यांना एखाद्या गाण्याचं धृपद चार वेळा घ्यायला लावायचं आणि तेव्हा बटणाला हात लावायचा. स्वर घोगरा आणि गुदमरलेला वाटला तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी. कुठला स्वर वाजतोय तेच कळत नसेल तर ७०० ते ८०० च्या आसपास थोडं जास्त. खर्ज वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी. दहापैकी आठ वेळा गरज लागत नाही.

आणखी एक. कीबोर्डवाल्याशी आधी बोलून घ्या. आपल्याकडे वर्षानुवर्षं बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात असतो, त्याला सवय असते. तुम्ही आणि तो, दोघांनी एकच खर्ज धरला तर जगातला कुठलाही ॲम्प ते सोडवू शकत नाही. मी आमच्या कीबोर्डवाल्या काकांना एवढंच म्हटलं, "काका, डावा हात मधल्या सा च्या वर ठेवा." त्या रात्रीपासून आमचा वाद्यवृंदच बदलला.

नवखा_खर्ज

ताई, सरावाच्या खोलीत माझा एकच स्वर भिंती हलवतो आणि बाकीचे मरगळलेले येतात. गायक काळी एकमध्ये गातो, म्हणजे त्याचा सा हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. ॲम्प बिघडलाय का?

मंद्रसप्तक

खोली किती लांब आहे?

नवखा_खर्ज

आत्ता टेप लावून मोजली. बरोबर ५ मीटर.

मंद्रसप्तक

मग ॲम्प ठणठणीत आहे. काळी एकचा षड्ज तुम्ही बेसच्या ए तारेवर चौथ्या पट्टीत (फ्रेटमध्ये) धरता ना? त्याची वारंवारता ६९ हर्ट्झ. ध्वनीची लाट ६९ हर्ट्झला साधारण ५ मीटर लांब असते, म्हणजे तुमच्या खोलीत ती चपखल बसते आणि दोन्ही भिंतींमध्ये उभी राहते. नेमका गाण्याचा सा खोलीत घुमतो. भिंतीपाशी आणि खोलीच्या मध्यावर तो स्वर सर्वात जोरात, आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर जवळजवळ गायब. हे स्वतः करून बघा: कोणाला तरी तोच स्वर वाजवत ठेवायला सांगा आणि खोलीत सावकाश चाला.

उपाय म्हणून ॲम्प भिंतीपासून सव्वा मीटरवर आणा. तिथून तो घुमारा उठायलाच कमी जोर मिळतो. बटणं फिरवून हे जात नाही, कारण ७० च्या आसपास कापलंत की दुसऱ्या ठिकाणी तुमचा सा च लंगडा पडेल. गाणं काळी दोनमध्ये घेतलंत तरी फरक कळेल.

मांडवामागे

मी साउंडवाला. तिसरी पिढी, आजोबांकडे कर्णे होते. बेस वाजवणाऱ्यांना माझ्या बाजूनं दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

डीआय (ॲम्पमधून माझ्या मिक्सरकडे येणारी जोडणी) देताना बटण प्री वर ठेवा, म्हणजे तुमच्या ॲम्पच्या बटणांआधीचा आवाज मला मिळतो. पोस्ट वर ठेवलात की स्टेजवर तुम्ही स्वतःसाठी जे काही फिरवाल ते सगळं माझ्या मिक्सरमध्ये येतं. फळ्यांचं स्टेज घुमतंय म्हणून तुम्ही खर्ज कापला, तर इकडे चारशे लोकांचा बेस गेला. प्री वर तुम्ही तुमचे मोकळे, मी माझा.

स्टेजचं म्हणाल तर आपल्याकडचं निम्मं स्टेज म्हणजे पिंपांवर किंवा लोखंडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या. खाली पोकळी. त्यावर ॲम्प ठेवला की अख्खं स्टेज ढोलासारखं वाजायला लागतं आणि मायकांच्या स्टँडमधून ते परत माझ्याकडे येतं. ॲम्प माशांच्या किंवा दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर ठेवा आणि क्रेटखाली जाड फोमचा तुकडा किंवा दुमडलेलं गोणपाट. उंच झाला की तो तुमच्या पोटऱ्यांशी न बोलता कानाशी बोलतो. मागे किंचित कलता ठेवलात तर आणखी उत्तम. १२ इंची स्पीकरचा वरचा आवाज सरळ रेषेत जातो, पायाशी ठेवलात तर तो पहिल्या रांगेला मिळतो, तुम्हाला नाही. मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि पुढच्या खुर्च्यांवरच्या आजी कान झाकतात.

आणि वीज. रात्री आठला गावात सगळ्यांचे दिवे-पंखे लागले की शेवटच्या खांबावर २३० चे १८० झालेले मी मोजलेत. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पला १८० मिळाले तर त्याची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. हलक्या ॲम्पपैकी ज्यांचा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेला असतो, ते अशा वेळी निवांत असतात. जनरेटर असेल तर तो सुरू करून पाच मिनिटं चालू द्या, मीटरनं व्होल्ट बघा, मग प्लग लावा. हॅलोजन आणि दिव्यांच्या डिमरच्या वायरवर ॲम्प नको.

गुरगुर आली तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबा. पण प्लगची तिसरी पिन कधीही, कधीही मोडू नका. ओल्या गवतावरचा मांडव, हातात लोखंडी तार, ओठ मायकाला. अर्थिंग नसेल तर जीव जातो. मी पिन मोडलेला ॲम्प माझ्या बोर्डावर लावू देत नाही, मग वाजवणारा कोणीही असो. ५० हर्ट्झची ती गुरगुर तुम्हाला कळेलच असंही नाही, कारण पांढरी पाचचा तळाचा स्वर ४९ हर्ट्झ आहे. गाणं त्या पट्टीत असेल तर गुरगुर स्वराखाली लपते आणि गाणं थांबलं की उघडी पडते. तपासताना तारांवर हात ठेवून शांत उभं राहून ऐका.

घाटमाथा

प्री-पोस्टचं हे मला माहीत नव्हतं. सोल्डर, काल मी जुन्या मोठ्या कॅबिनेटवर नवं हेड लावून पाहिलं. तुमचं बरोबर आहे. छाती परत आली. माझा ८०० चा आग्रह मागे घेतो.

पण एक शंका राहिली. मैदानात, मांडवात, माझा आवाज हॉलपेक्षा पातळ येतो. हे वॉट कमी पडल्यामुळेच ना?

मंद्रसप्तक

हॉलमध्ये मागे भिंत असते, ती खर्ज परत पाठवते. मांडवात मागे कापड. बेससाठी कापड आणि उघडं मैदान सारखंच, आरपार जातो. म्हणून मांडवात खर्ज थोडा वाढवायची ती दहातली दोनदा येणारी वेळ.

आणि भिंत असली तरी अंतर महत्त्वाचं. भिंतीपासून बरोबर एक मीटरवर ॲम्प ठेवला तर साधारण ८६ हर्ट्झला भिंतीवरून आलेली लाट मूळ लाटेला मारते. पांढरी चार तिथेच आहे. एकतर भिंतीला जवळजवळ टेकवा, नाहीतर चांगला दूर घ्या. अर्धवट मध्ये नको.

माडाखाली

एक गोष्ट अजून कोणी सांगूक नाय. खारी हवा!

बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. माझं घर मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इथे कुलपं गंजतात, तशी ॲम्पची जॅकंही. हलक्या ॲम्पचा एक ठरलेला रोग सांगतो. वाजवता वाजवता आवाज अचानक अर्ध्यावर येतो, खरखरतो, कधी पूर्ण जातो, आणि तार जोरात ओढली की परत येतो. माणूस घाबरतो, ॲम्प गेला म्हणून मुंबईला पाठवतो. बहुतेक वेळा दोष असतो मागच्या इफेक्ट लूपच्या (बाहेरचं इफेक्टचं यंत्र जोडायच्या सेंड-रिटर्न जॅकांच्या जोडीतल्या) रिटर्न जॅकमध्ये. त्या जॅकमध्ये काही लावलेलं नसताना एक छोटी पट्टी दुसरीला टेकून आवाज पुढे पाठवते. तुम्ही तो जॅक कधीच वापरत नाही, म्हणून पट्टीवर थर चढत राहतो. तपासायचं कसं? सेंड आणि रिटर्न यांच्यामध्ये एक छोटी केबल लावा. आवाज सुधारला तर रोग तोच. ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करा. ती छोटी केबल पिशवीत कायम ठेवा, भर कार्यक्रमात जीव वाचवते.

जॅकाक खोबरेल तेल लावू नको हां. एकानं लावल्यान, वर्षभर वाळू आणि धूळ चिकटत होती.

पावसाळ्यात चार महिने ॲम्प कोपऱ्यात झाकून ठेवू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळला की आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. सुती चादर, खाली लाकडाची पट्टी, आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करून वाजवा. आतल्या उबेनं ओल निघते. हेड एवढंसं असेल तर ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्यांनी ओल शोषून घेतली की आतले दाणे काढून तव्यावर मंद आचेवर सुकवायचे. निओडिमियमचं चुंबक लोखंडापेक्षा लवकर गंजतं, त्यावरचा मुलामा खरवडला गेला की संपलं. म्हणून कॅबिनेट उघडून आत हत्यारं घालणाऱ्याच्या हाती देऊ नका.

आणि कोणी जहाजावरचा भाऊबंद परदेशातून हेड आणतो म्हणाला तर पाठीवरचे व्होल्ट वाचून घ्या. माझ्या भावानं प्रेमानं आणलेलं हेड फक्त १२० व्होल्टचं होतं. मी घाईत प्लग लावला. एक आवाज, थोडा धूर, आणि भावाचे पैसे गेले. त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

चारतारी

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवामागे, तिसऱ्या पिनचं वाचून मी माझ्या एक्स्टेन्शनची पिन तपासली, मोडलेली होती. नवीन लावली.

एक विचारायचं राहिलं. मी दोन कॅबिनेटं वाजवून पाहिली, एक १० इंची, एक १२ इंची. १० इंचीवर तळाची तार जोरात मारली की फडफड येते. तीच तार हळू वाजवली की नाही. हे नुसतं त्या स्पीकरचं आहे का?

सोल्डर

नाही, ते सगळ्यांचंच आहे, लहानाचं लवकर दिसतं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट पुढेमागे हलावं लागतं. तळाची पांढरी तीन ४१ हर्ट्झची आहे. शिवाय भोक ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ठरावीक वारंवारतेखाली आतल्या हवेचा आधार सुटतो आणि शंकू मोकाट हलतो. फडफड म्हणजे त्याची हद्द संपली.

यावर हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या खालचा आवाज अडवणारा) हा माझ्या मते हलक्या ॲम्पचा सर्वात उपयोगी भाग आहे. हेडमध्ये असेल तर उत्तम, नसेल तर पेडल मिळतं. ३५ ते ४० हर्ट्झवर ठेवा. भीती वाटते की खर्ज जाईल. प्रत्यक्षात ४१ च्या त्या स्वरातलं बरंच काही तुम्ही ८२ आणि १२३ हर्ट्झवर ऐकता, मूळ तळ मेंदू स्वतः भरून काढतो. जी ताकद शंकूला नुसतं हलवण्यात जात होती ती स्वरात येते. तळहातानं तारेला बसणारे धक्के आणि फळ्यांचा थरथराटही याच फिल्टरमध्ये गळतो.

तुम्हाला १२ इंचीच घ्या म्हणेन.

चारतारी

दीड महिन्यानं लिहितोय, सवडीनं.

१२ इंची निओडिमियमचं, प्लायवूडचं, ८ ओहमचं कॅबिनेट घेतलं. घरच्या काट्यावर ११ किलो ८०० ग्रॅम. हेड ३०० वॉटचं, ४ ओहमला. म्हणजे माझ्या एका कॅबिनेटवर दोनशेच्या आसपास. हेड बेसच्या पिशवीच्या खिशात.

पहिला कार्यक्रम देवगड तालुक्यात, देवळाच्या आवारात. पाखाडी ५२ पायऱ्यांची. मोजल्या, कारण पहिल्यांदाच मोजायला श्वास होता. एका हातात कॅबिनेट, दुसऱ्या हातात बॅटरी. थांबलो नाही.

स्टेज फळ्यांचं. क्रेट आणि गोणपाट नेलं होतं. पहिल्या गाण्याला सवयीनं खर्ज वाढवलेला होता, कारण जुन्या कॉम्बोची बटणं हाताला पाठ. सगळं घुसळून निघालं. ऑक्टोपॅडवाला माझ्याकडे बघून मान हलवत होता. दुसऱ्या गाण्याआधी मंद्रसप्तक ताईंचं आठवून सगळं मध्यावर आणलं. मग धृपदाच्या वेळी २५० ला ३ डेसिबल कमी, ८०० ला ३ डेसिबल जास्त, फिल्टर ४० वर. खर्जाचं बटण मध्यापेक्षा किंचित खालीच राहिलं. मास्टर अर्ध्याच्या वर गेला नाही. गायिका काळी चारमध्ये गाते. तिचा षड्ज ५२ हर्ट्झचा, ई तारेवर चौथ्या पट्टीत. जुन्या १५ इंचीवर तो पोटात जाणवायचा. तेवढा इथे जाणवत नाही, हे खरं आहे आणि लिहून ठेवतो. पण आता तो ऐकू येतो, सुरात आहे की नाही ते कळतं. मध्यंतरात गायिकेनं विचारलं, आज काय वेगळं केलंस, मला स्वर धरायला सोपं जातंय. नऊ वर्षांत तिनं असं पहिल्यांदा म्हटलं.

साडेनऊला सरपंचांनी घड्याळ दाखवलं, दहाला भोंगे बंद. पावणेदहाला शेवटचं गाणं. सामान आवरून वर गाडीत ठेवायला मला दहा मिनिटं लागली आणि पंगतीला पहिल्या पानावर बसलो.

एक अडचण आली. तिसऱ्या कार्यक्रमात आवाज मध्येच अर्ध्यावर आला. माडाखाली दादांची छोटी केबल सेंड-रिटर्नमध्ये लावली, आवाज परत. हेड नवं असूनही! घरी येऊन क्लीनर मारला, तेव्हापासून ठीक आहे.

माडाखाली

दुकानात वर्षभर पडलेला असतला. बरा झाला.

मांडवामागे

जुन्या कॉम्बोचं काय केलंत? विकायचा असेल तर कळवा.

चारतारी

विकला नाही. आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाच्या सरावाच्या खोलीत ठेवलाय, कीबोर्डासाठी. तिथून तो हलवायचा नाही असं ठरलंय. पुढच्या शनिवारी राजापूरला कार्यक्रम आहे, शाळेचं सिमेंटचं स्टेज आणि मागे पक्की भिंत. क्रेट नेणार नाही, भिंतीला टेकवून बघतो. पांढरी चारचं एक गाणं यादीत आहे, ते कसं येतं ते इथे लिहीन.